तास

विष्णुपुरीच्या लॅबमध्ये सकाळची पहिली ट्यूब:
शेषेराव पुपुलवाड, वय एकसष्ट, रा. कंधार.
नाव वाचून हात थांबला.
लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा,
त्यावर कांब मारणारा शिपाईमामा.
त्यांच्या टोल्यावर मी सहा वर्षं
उठले, बसले, डबा उघडला.

हिमोग्लोबिन एकोणीस पूर्णांक आठ.
मशीन चुकलं असेल म्हणून परत लावलं.
एकोणीस पूर्णांक नऊ.
आमच्याकडे सहा-सातच्या बाया येतात रोज,
पांढऱ्या नखांच्या, जिना चढताना मध्येच बसणाऱ्या.
हा थेंब काचेवर ओढला
तर काकवीसारखा जागचा हलेना.

मामा बाहेर बाकावर. डोळे तांबडे.
"अंघोळ केली की अंग खाजलालंय बाई,
मुंग्या सोडल्यावानी.
अन् लोकं म्हनतेत,
शेषेराव रिटायर झाला, तोंडावर तेज आलं."

पुस्तकात असं आहे:
मूत्रपिंड राखणीला असतं.
प्राणवायू कमी पडला की रक्तात निरोप सोडतं.
हाडाच्या आत, मज्जेत,
कोवळ्या पेशी दोन-दोन हात बाहेर काढून वाट बघत असतात.
निरोप त्या हातांच्या मध्ये येऊन बसतो,
हात जवळ सरकतात,
आणि आतल्या अंगाला डुलक्या काढणारा कुणीएक
दचकून जागा होतो,
शेजाऱ्याला कोपर मारतो, तो पुढच्याला,
बातमी केंद्रकात पोचते: वाढा.
एकीच्या दोन, दोघींच्या चार.

निरोप आलाच नाही, तर पेशी भांडत नाही.
आपलं आपण आवरून घेते.
हाक न आल्यानं रोज किती जणी अशा गेल्या
त्याचं रजिस्टर आम्ही ठेवलेलं नाही.

हैदराबादहून रिपोर्ट आठ दिवसांनी आला.
निरोपाचं प्रमाण: जवळजवळ शून्य.
म्हणजे मूत्रपिंडांनी केव्हाच हात आखडता घेतला होता,
टोला मारायचंच सोडलं होतं.
तरी शाळा भरत होती,
भरतच होती.
खालच्या ओळीत कारण: जनुकात एक अक्षर बदललेलं.
काना-मात्रेएवढी चूक.
त्या आतल्या डुलक्या काढणाऱ्याला
आता झोपच येत नाही.

डॉक्टर चाऊस मॅडमनी तीन मिनिटांत सांगितलं,
पुढचा पेशंट आत आला.
मामा माझ्याकडे आले, कागद उलटा धरून.
मी म्हटलं, मामा, असं बघा, पेशीला दार असतं...
"थांब.
शाळेत विजेची घंटा बसवली व्हती ना?
एक दिवस बटन आत गेलं, ते वर येईचना.
पाऊण तास वाजली.
आतली पोरं बाहेर, बाहेरची आत,
हेडमास्तर नुसते पळलालते.
तसंच ना?"
तसंच.
"मग म्या फ्यूज काढला. ह्याला फ्यूज कुठं हाय?"

फ्यूज नाही, मामा.
गोळी आहे, रोजची.
आणि सध्या दर आठवड्याला येऊन
रक्त काढून घ्यायचं.

शेजारच्या खाटेवर लोह्याची एक बाई,
रक्ताच्या बाटलीची वाट बघत, ओठ कागदासारखे.
मामांची पिशवी भरत आली, साडेतीनशे मिली,
गडद, जवळजवळ काळी.
"हिला द्या की माझं. वाया कशाला?"
चालत नाही म्हटलं.
का, ते त्यांनी विचारलं नाही.
पिशवी पिवळ्या पिशवीत गेली,
बाईनं तोंड भिंतीकडे केलं.

दहा चाळीस.
सुईचा हात हलवू नका, मी म्हणाले.
तो हलला नव्हता.
दुसरा, मोकळा,
खुर्चीच्या दांड्यावर मूठ वळून
आपसूक वर गेला होता,
आणि तिथंच थांबला होता.